बिनखोडीची

बैल घेताना आमच्याकडची माणसं त्याच्या गुणांची चौकशी करत नाहीत. शिंगं, खांदा, खूर डोळ्यांना दिसतात. वय दातांवरून कळतं : आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती की जुळलेला. विचारायचं उरतं ते एवढंच, की खोड काय आहे? मारका आहे का, औताला बसतो का, पाण्यात शिरताना अडतो का, बाईमाणसाच्या अंगावर जातो का? विकणारा लेकराबाळांची शपथ घेऊन ‘बिनखोडीचा’ म्हणून सांगतो. घेणारा मान डोलावतो आणि मनातून आणखी सावध होतो. जनावराला खोड असायचीच. दिसली नसेल, तर ती अजून बाहेर पडायची आहे, एवढाच त्याचा अर्थ. खोड माहीत असलेला बैल स्वस्तात पडतो आणि बिनखोडीचा महागात, हे बाजार केलेल्या माणसाला कोणी शिकवावं लागत नाही.

वडीगोद्रीत आता बैलजोड्या मोजक्या राहिल्या आणि दुचाक्या दारोदार झाल्या. गाव मुळात फाट्याचं. छत्रपती संभाजीनगरहून बीडकडं जाणारा महामार्ग इथून जातो आणि अंबडकडं जायचं तर इथंच वळावं लागतं. जायकवाडीचा दोनशे आठ किलोमीटरचा डावा कालवा या भागातून गेला, उसाचं रान वाढलं, जवळच अंकुशनगरला समर्थ कारखान्याचं धुराडं उभं राहिलं, मोसंबीच्या बागा लागल्या. पैसा हातात खेळायला लागला की आधी त्याला चाकं फुटतात. दावणीचे बैल गेले, दारात मोटारसायकली आल्या. चौकशी मात्र तीच राहिली.

दसऱ्याला मी नवी मोटारसायकल घेतली. झेंडूचा हार, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, हँडलला लिंबू-मिरची, चाकाखाली लिंबू असे सगळे विधी झाले आणि गाडी फाट्यावर दाखवायला नेली. नेली नसती तरी फाटा घरी आला असता. २०२३-२४ मध्ये अंतरवाली सराटी आणि वडीगोद्रीतल्या आरक्षणावरच्या उपोषणांमुळं देशभरचे कॅमेरे इथं येऊन गेले; पण हा फाटा नव्या गाडीकडं ज्या बारकाईनं बघतो, तशी नजर त्यातल्या एकाही कॅमेऱ्याला नव्हती. “केवढ्याला पडली मास्तर?” “रोख का हप्त्यानं?” “ॲव्हरेज काय देती?” एकानं सीट दाबून बघितली, एकानं मडगार्डवर टिचकी मारून पत्रा का फायबर याचा निकाल दिला. चहाचा कप बशीत ओतत बसलेले एक आबा सगळं ऐकून घेत होते. शेवटी त्यांनी विचारलं, “हिची खोड काय?”

“आबा, कालच आणली. हिला कसली खोड?”

“मंग अजून तुम्हाला कळली न्हाई,” असं म्हणून आबांनी बशी तोंडाला लावली.

माझी जुनी गाडी अंगभर खोडीची होती, हे सगळ्या गावाला माहीत होतं. ती डावीकडं ओढायची, म्हणून मी कायम थोडा उजवीकडं कललेला असायचो. तिचा न्यूट्रल उभ्या गाडीत कधीच सापडला नाही. गाडी थांबायच्या बेतात असताना, शेवटच्या वितभर अंतरात तो टिपावा लागे. हॉर्न हँडल डावीकडं वळवल्यावरच वाजायचा, त्यामुळं समोर म्हैस आली की आधी म्हशीला बगल द्यायची आणि मग हॉर्न द्यायचा, असा क्रम होता. थंडीत चोक पूर्ण ओढला तर रुसायची, अर्धा ओढला तर दुसऱ्या किकला सुरू व्हायची. पावसात प्लगच्या टोपीला रुमालानं पुसून घ्यावं लागे. एवढं सगळं सांभाळून मी त्या गाडीवर शाळेत वेळेवर पोचायचो. चोरानं नेली असती, तर कालव्याच्या पुलापर्यंत नेऊन आपणहून सोडून दिली असती. गाडीला कुलूप होतं, पण तिची खरी राखण तिच्या खोडी करत होत्या.

जुने बुलेटवाले हे जास्त चांगलं सांगतील. मद्रासला १९५५ पासून जोडल्या जाऊ लागलेल्या त्या बुलेटचा गियर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात. सुरू करायची म्हणजे ॲमीटरची सुई बघत, डिकॉम्प्रेशनची कळ दाबत, पिस्टन बरोबर जागेवर आणून मगच किक मारायची. घाई केली की किक उलटी येऊन घोटा सुजलाच. त्या माणसांनी याबद्दल कधी तक्रार केल्याचं मी ऐकलेलं नाही. उलट, गाडी मागायला आलेल्याला ते हसतमुखानं किल्ली देत आणि ओसरीत बसून गंमत बघत. आपल्याशिवाय कोणाच्या हाताला न येणारी वस्तू जवळ असणं यात एक श्रीमंती आहे, आणि ती केवळ खोडीतून येते.

या वाहनाची जातच खोडीची आहे म्हणा. जर्मनीत १८८५ मध्ये गॉटलीब डाइमलरनं लाकडी सांगाड्यात पेट्रोलचं इंजिन बसवून पहिली मोटारसायकल केली. तिच्यावर पहिली रपेट त्याच्या सोळा वर्षांच्या मुलानं, पाउलनं मारली. इंजिन बसायच्या जागेच्या बरोबर खाली होतं, आणि वाटेत सीटनं पेट घेतला असं सांगतात. पोरगा तरीही पोचला. पहिल्याच स्वारानं पहिल्याच गाडीची पहिलीच खोड अंगावर घेतली आणि मग कारखानदारीचा पुढचा इतिहास घडला.

नव्या गाडीत यातलं काही नाही. तिच्यात ज्या-ज्या जागी खोड राहायची, त्या-त्या जागी सरकारनं आणि कंपन्यांनी मिळून एकेक बंदोबस्त केलेला आहे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकीचा पुढचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत विझत नाही. २०१९ पासून लहान गाड्यांना एक ब्रेक दाबला की दुसऱ्या चाकालाही लागतो आणि मोठ्यांना एबीएस आलं. २०२० पासून बीएस-६ लागू झालं, बहुतेक गाड्यांचा कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं. त्याच्याबरोबर चोक गेला, रिझर्व्हचा कॉक गेला, आणि आता बऱ्याच गाड्यांची किकही गेली. स्टँड न काढता गियर टाकला तर गाडी मुकाट्यानं बंद पडते. हे सगळं माणसाच्या भल्यासाठी आहे, यात वाद नाही. पण माझा डावा हात अजूनही निघताना टाकीखाली कॉक चाचपतो. उजवा पाय किक शोधत हवेत फिरतो. पेट्रोल संपत आलं की गाडी आधी दोन आचके देऊन कळवायची, आता एक लहानसा दिवा लागतो. इतक्या सभ्यपणे सांगितलेली गोष्ट मनावर घ्यायची सवय आपल्याला कुठं असते?

सगळ्यात कठीण प्रकरण गियरचं. जुन्या गाडीचे चारही गियर खाली. पाय दाबत जायचं, गाडी वेग घेत जाते. नव्या गाडीचा पहिला खाली आणि बाकीचे चार वर. डोक्याला हे एका मिनिटात समजलं. पण गियर डोकं टाकत नाही, पाय टाकतो, आणि पायाला कोणी शोरूममध्ये काही समजावून सांगितलेलं नव्हतं. बजाजच्या वाळूजच्या कारखान्यातून १९८५ पासून गाड्या बाहेर पडतायत. बजाजची बॉक्सर आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत मोटारसायकल-टॅक्सी म्हणून धावते. समुद्र ओलांडून गेलेली गाडी तिथल्या मातीत बिनबोभाट रुळली. इथं गाडी गावातच होती, रस्ता पायाखालचा होता, रुळायचं होतं ते फक्त माझ्या डाव्या पायाला.

नवी गाडी आधी देवीला दाखवायची, ही घरची रीत. तुळजापूर आमच्यापासून जेमतेम दोनशे किलोमीटर, आणि रस्ता एकच. पूर्वी याला दोनशे अकरा नंबरचा महामार्ग म्हणत, आता बावन्न म्हणतात. पंजाबातल्या संगरूरला तो सुरू होतो आणि कर्नाटकात अंकोल्याला समुद्राशी संपतो. मधल्या वाटेवर एवढ्या लांबच्या माणसांची इतकी घाई असते, की वडीगोद्रीच्या मास्तरानं तिथं चाळीसच्या वेगानं जाणं म्हणजे भर मांडवात पोथी वाचायला बसणं. पण मेकॅनिकनं बजावलं होतं, “पहिले पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर न्यायची नाही. गाडी मोकळी होऊ द्या.” 

यामागं शास्त्र आहे. नव्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर तेल धरून ठेवायला मुद्दाम बारीक तिरक्या रेघा ओढलेल्या असतात. पिस्टनच्या रिंगा त्या भिंतीवर घासून-घासून आपली जागा करून घेतात. त्यात झिजलेला धातूचा कीस तेलात उतरतो, म्हणून पहिलं तेल लवकर बदलायचं. या काळात इंजिनाला ताण नको, आणि तासन्‌तास एकाच वेगातही ठेवायची नाही. थोडक्यात, भिंत आणि रिंग एकमेकांना घासतात, काही कण सांडतात आणि मग आयुष्यभर जमवून घेतात. हे शोरूममधला पोरगा इतक्या सहज सांगत होता, की त्याचं लग्न झालेलं नसावं.

निघालो तेव्हा उसाचा हंगाम तोंडावर आला होता. शहागडच्या पुलावर मागं बसलेल्या बायकोनं गोदावरीत नाणं टाकलं आणि आम्ही बीड जिल्ह्यात शिरलो. समोरून येणारा प्रत्येक जण हाताची पाचही बोटं मिटून-उघडून दाखवत होता : लाइट चालू आहे! एसटीचा ड्रायव्हर, दुधाचे कॅन लावलेला पोरगा, टेम्पोच्या मागं बसलेल्या बाया, सगळ्यांना माझ्या बॅटरीची काळजी. कायदा येऊन इतकी वर्षं झाली, तरी आमच्या रस्त्यावरची माणुसकी कायद्याला जुमानत नाही. सुरुवातीला मी बोटानं ‘नवी गाडी, बंद होत नाही’ असं समजावू बघत होतो. गेवराईच्या पुढं हीच मागून सगळ्यांना हात हलवून आभार मानायला लागली. ते सोपं पडलं.

चाळीसच्या वेगाचं एक बरं असतं. ट्रॅक्टर आणि आपण बराच वेळ सोबतीनं जातो. कारखान्यांकडं निघालेली ऊसतोड माणसं ट्रॉलीत होती : भांडी, सरपण, शेळी, कोंबड्यांचं खुराडं, घोंगडीत झोपलेली पोरं. एका ट्रॉलीच्या मागं एक मोटारसायकल आडवी बांधलेली होती, आणि तिच्याही हँडलला वाळलेला झेंडूचा हार होता. म्हणजे तीही दसऱ्याचीच. नवरा-बायकोचा एक कोयता धरून, अंगावर उचल घेऊन परमुलखात निघालेल्या घराची ती गाडी होती. तिला पुढचे काही महिने फडाच्या चाकोऱ्यांत मोकळं व्हायचं होतं. तिच्या मालकाला मेकॅनिकनं चाळीसचं काय सांगितलं असेल, कोण जाणे. ट्रॉलीतल्या बाईनं माझ्या गाडीकडं बघून पाचही बोटं मिटून उघडली. मी मान लववली.

पाडळसिंगीच्या नाक्यावर दुचाकीला टोल नाही, त्यामुळं तिथून जाताना उगीच मोठं झाल्यासारखं वाटतं. त्या भरात गियर वाढवायला म्हणून पायानं सवयीनं खाली दाबलं. नव्या गाडीत तो गियर कमी होतो. इंजिन किंचाळलं, गाडी थबकली आणि हिचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आपटलं. “काय हो?” “काही नाही, पाय.” मांजरसुंब्याच्या घाटात याच्या उलट. चढ लागला, गियर कमी करायचा, तर पायानं सवयीनं वर उचलला. गाडी वरच्या गियरात गेली आणि चढावर कण्हायला लागली. बालाघाटाच्या त्या डोंगरात मला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पायाशी मोठ्यानं बोलावं लागलं. “खाली दाब, खाली.” मागून प्रश्न आला, “मला म्हणताय का?”

आता खरी गोष्ट सांगतो. जुनी गाडी चालायला लागली की फक्त ऐकायची असायची. मागे बसणाऱ्यानं बोलायचं म्हणजे कानाशी येऊन ओरडायचं. त्यामुळं ‘थांबा’, ‘वळा’ आणि ‘पदर अडकला’ एवढाच आमचा प्रवासातला संसार होता. नवी गाडी इतकी शांत, की बीडच्या बायपासला सिग्नल नसताना मी थांबलो तेव्हा ही म्हणाली, “बंद पडली का हो?” चालूच होती. मग हिच्या लक्षात आलं की बोललेलं पुढं ऐकू जातंय. चौसाळा येईपर्यंत ही साध्या आवाजात बोलत होती आणि मी साध्या कानांनी ऐकत होतो. दोघांनाही ते नवं होतं.

“तुम्ही माझ्या माहेरी गेलं की पेपर तोंडासमोर धरता, ते बरं दिसत नाही.”

“हे कधी बोलली नाहीस.”

“बोलले की. गेवराईच्या लग्नाला जाताना बोलले. पैठणला जाताना बोलले. तुम्ही ‘हाव, हाव’ म्हणून मान हलवत होते.”

मी मान हलवत होतो, कारण गाडी डावीकडं ओढायची. आता हे तिला काय सांगणार? वर्षानुवर्षं मागच्या सीटवरून निघालेली सगळी बोलणी त्या आवाजात विरून गेली होती आणि हिच्या हिशेबी ती मला पोचलेली होती. शांतपणे, एकेक करून, ती सगळी पुन्हा आली : चहा गार झाल्यावर मागायची सवय, भावाला परस्पर दिलेला शब्द, कुलूप लावून परत जाऊन ओढून बघणं, पाहुण्यांसमोर तीच ती गोष्ट तिसऱ्यांदा सांगणं. सरमकुंडी फाट्यावर पेढे घ्यायला थांबलो तेव्हा यादी अर्ध्यावर आलेली असावी. तेरखेड्याला रस्त्याकडेच्या फटाक्यांच्या पाट्या वाचत मी सावधपणे विचारलं, “मग माझी एकही सवय चांगली नाही म्हणायची का?”

“चांगलं काय सांगायचं? ते दिसतंच की,” ही म्हणाली. “आणि वाईट म्हणून कुठं सांगते? माहीत आहे, एवढंच सांगते.”

बैलबाजारातलं सगळं शहाणपण हिनं येरमाळ्याच्या अलीकडं दोन वाक्यांत संपवलं. माणूस वस्तूच्या गुणांना भाळून ती घेतो. पण गुण सगळ्यांसाठी सारखेच असतात. त्या मॉडेलची कोणतीही गाडी तेवढंच ॲव्हरेज देईल, तेवढीच पळेल. आपली म्हणून तिच्यात काय असतं, तर दुसऱ्या कोणाला ठाऊक नसलेली एखादी खोड आणि तिच्यावरचा आपण शोधून काढलेला इलाज. नव्या गाडीवर मी अवघडलो होतो, कारण तिथं मला काही सांभाळून घ्यायचं नव्हतं. सरळ जाणाऱ्या गाडीवर मी एकटाच तिरका बसलो होतो. माझं तिरकेपण आजवर गाडीच्या नावावर खपलं होतं. आता गाडी सरळ निघाली आणि खोड कोणाची, ते साऱ्या महामार्गाला दिसायला लागलं.

येडशी, धाराशिव करत दुपार कलताना तुळजापूरचा घाट लागला. तिथं उतार-चढाला पायानं पहिल्यांदाच न विचारता बरोबर गियर टाकला. मी गप्प राहिलो. पायाची उगीच स्तुती केली की तो विचार करायला लागतो, आणि पायानं विचार करू नये. गाडीला हार घातला, नारळ फोडला, हिनं टाकीवर पुन्हा कुंकू लावलं. दर्शनाच्या रांगेत हिनं देवीला काय सांगितलं ते मी विचारलं नाही. रस्ताभर ऐकल्यावर अंदाज होता. परतीच्या वाटेवर ही बोलली नाही. बोलायचं संपलं होतं का थकली होती, कळेना. वडीगोद्री जवळ आली तेव्हा, इतकी शांतता मला सोसत नाही, असं माझ्या ध्यानात आलं आणि मीच एक-दोन प्रश्न विचारून तिला बोलतं केलं.

पहिल्या सर्व्हिसिंगला गाडी घेऊन गेलो. तेल काढलं, चेन ताणली, ब्रेक बघितले. काउंटरवरच्या पोरानं कार्ड पुढं ओढलं आणि पेनानं एका रिकाम्या रकान्यावर टकटक केलं.

“तक्रार काय लिहू?”

जुन्या गाडीला हा रकाना कधी पुरला नाही. मी कार्ड उलटं करून मागं लिहायला लावायचो. मेकॅनिक स्टूल आणून द्यायचा, चहा यायचा. आता रांगेतली माणसं माझ्याकडं बघत होती आणि मला एक ओळ सुचत नव्हती. अखेर म्हणालो, “लिहा, आवाज येत नाही.”

त्यानं मान वर करून बघितलं. मग समजावणीच्या सुरात म्हणाला, “नवी आहे ना सर. येईल.”